खरखरीच्या आतली धून : ब्लॅक मेटलचे अल्बम कसे ऐकावेत आणि कसे शोधावेत

ब्लॅक मेटल म्हणजे हेवी मेटलची एक वेगवान, खरखरीत शाखा. त्यातल्या नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ हा अल्बम १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सगळी वाद्ये फेनरिझ या एकट्याने चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर वाजवून ठेवली आणि नॉक्टर्नो कल्टो याने त्यावर आवाज दिला. अल्बमचे शीर्षकगीत सहा मिनिटांहून किंचित मोठे आहे. ड्रमचा ठेका सुरुवातीला जो लागतो तो शेवटपर्यंत जवळजवळ बदलत नाही. गिटारचा आवाज पातळ, टोकदार आणि खरखरीने भरलेला आहे, आणि गायक गात नसून कुठून तरी लांबून ओरडतो आहे असे वाटते. पहिल्या मिनिटाला हे सारे निव्वळ गोंगाट वाटू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मात्र कान त्या खरखरीला सरावतात आणि तिच्या आतून अगदी मोजक्या स्वरांची, गारठलेली, उदास धून हळूहळू वर येते. एकदा ती सापडली की गाणे संपल्यावरही मनात घोळत राहते.

ब्लॅक मेटलचे नवनवे अल्बम शोधत राहण्याची माझी ओढ इतक्या वर्षांत जराही ओसरलेली नाही, आणि तिचे मूळ या एका अनुभवात आहे. तो अनुभव योगायोगाने येत नाही. गिटार कशी वाजवली जाते, ड्रम कसे वाजतात आणि ध्वनिमुद्रण कसे केले जाते, या गोष्टींतून तो घडवलेला असतो, आणि ही घडण समजली की एरवी बंद वाटणारे दार उघडते, असे मला मनापासून वाटते.

आधी गिटार पाहू. रॉक आणि हेवी मेटलमध्ये डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावलेल्या गिटारवर बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र वाजवतात आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. यामागे भौतिक कारण आहे. डिस्टॉर्शनमुळे मूळ स्वर फक्त मोठे होत नाहीत. त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्या होऊन नवे, न वाजवलेले नाद तयार होतात. समजा षड्ज सेकंदाला ११० कंपनांचा आणि पंचम १६५ कंपनांचा आहे. त्यांची वजाबाकी ५५ येते, म्हणजे नेमका त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला स्वर. म्हणून पॉवर कॉर्ड भरदार आणि स्वच्छ ऐकू येते. आता या दोघांच्या मध्ये १३२ कंपनांचा कोमल गंधार घातला की मायनर कॉर्ड होते आणि हिशेब विस्कटतो. खाली २२ आणि ३३ कंपनांची घुरघुर तयार होते, वर २४२ आणि २९७ असे नाद उमटतात, आणि हे वरचे नाद कॉर्डच्या तिन्ही स्वरांपैकी कशाशीच जुळत नाहीत. बहुतेक मेटल वादक हा गढूळपणा टाळतात. ब्लॅक मेटलच्या वादकांनी तो हवा म्हणून वापरला. ज्याला ऐकणारा धुके म्हणतो ते या नकोशा नादांचेच बनलेले असते, आणि त्या धुक्यात कोमल गंधाराची खिन्नता सगळीकडे विरघळलेली असते.

याला ट्रेमोलो पिकिंगची जोड मिळते. एकच स्वर किंवा कॉर्ड पिकने वर-खाली इतक्या भराभर छेडली जाते की सुटे आघात ऐकू येत नाहीत आणि स्वर गजाने ओढल्यासारखा लांबत राहतो. खाली ड्रमवर ब्लास्ट बीट चालू असतो, म्हणजे स्नेअर (कडकडीत आवाजाचा ड्रम), बेस ड्रम आणि झांज यांचा सलग भडिमार. ताल मिनिटाला २०० ठोक्यांचा धरला तर स्नेअरवर सेकंदाला सहा-सात आघात आणि गिटारच्या तारेवर तेरा-चौदा आघात पडतात. इतक्या वेगाला कान ठोके मोजत बसत नाही. पत्र्यावरच्या मुसळधार पावसाचे थेंब जसे वेगवेगळे ऐकू येत नाहीत, तसा तो वेग एक पार्श्वभूमी होऊन जातो. त्याच वेळी स्वर मात्र सावकाश बदलत असतात, कधी कधी चार-चार सेकंदांनी एक. म्हणजे वरचा पृष्ठभाग धावतो आणि आतली धून संथ चालते. या संगीतातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन. नवखा श्रोता वेगाकडे कान लावतो आणि थकतो. कान संथ थराकडे वळवला की तेच संगीत जवळजवळ ध्यानासारखे वाटू लागते.

गायनाविषयी थोडक्यात. उंच, खरवडलेल्या किंचाळीतले शब्द कळत नाहीत, आणि ते कळावेत अशी फारशी अपेक्षाही नसते. आवाज हे तिथे आणखी एक वाद्य असते. त्यातही सगळे एका छापाचे नाहीत. नॉर्वेच्याच मेहेम या बँडच्या ‘दे मिस्टेरिस डोम साथानास’ या १९९४ च्या अल्बमवर हंगेरीच्या अटिला चिहार याने किंचाळण्याऐवजी घोगऱ्या, पठण केल्यासारख्या स्वरात गायले आहे, आणि त्यामुळेच तो अल्बम इतरांपासून वेगळा ओळखू येतो.

आता खरखरीकडे येऊ, कारण अनेकांना तिथेच अडखळायला होते. हे कलाकार गरीब होते म्हणून आवाज खराब आहे, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते आणि ते अपुरे आहे. डार्कथ्रोनचा पहिला अल्बम, १९९१ चा ‘सोलसाइड जर्नी’, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झालेला, डेथ मेटल या हेवी मेटलच्या दुसऱ्या, जड आवाजाच्या शाखेतला नीटनेटका अल्बम होता. त्या काळात डेथ मेटलचे उत्पादन वाढले होते आणि ठरावीक स्टुडिओंतून ठरावीक जाड, गुळगुळीत आवाज बाहेर पडत होता. डार्कथ्रोनने पुढच्याच वर्षी ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ काढला आणि त्या आवाजाकडे पाठ फिरवली. खालच्या पट्टीतला भारदस्तपणा काढून टाकला, वरच्या पट्टीतली धार ठेवली आणि चुका पुसल्या नाहीत. चांगला आवाज त्यांनी आधी काढून दाखवलेला होता, म्हणून नंतरचा ओबडधोबडपणा हा निर्णय होता असे ठामपणे म्हणता येते. जुन्या छायाचित्रातला दाणेदारपणा जसा त्या चित्राचाच भाग होऊन जातो, तशी ही खरखर रचनेचाच भाग आहे. ती काढली तर अंतर आणि थंडी यांची जाणीवही तिच्याबरोबर जाते. हे मला पटायला बराच काळ लागला, आणि पटल्यानंतर इतर संगीताकडेही मी वेगळ्या कानाने पाहू लागलो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्वेचा सगळा ब्लॅक मेटल घरगुती रेकॉर्डरवर झाला, असा समज चुकीचा आहे. बर्गन शहरात ग्रीगहालेन नावाचे मोठे संगीत सभागृह आहे आणि तिथल्या स्टुडिओत पिटेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्मात्याने मेहेम, एम्परर आणि इमॉर्टल या तिन्ही बँडांचे अल्बम ध्वनिमुद्रित केले. एम्पररचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ हेडफोन लावून ऐकावा. वर किबोर्डची एक रुंद चादर पसरलेली आहे, तिच्या खाली दोन गिटारी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, आणि ड्रम खूप आतल्या बाजूला, मोठ्या रिकाम्या जागेत वाजत असल्यासारखे आहेत. पहिल्या ऐकण्यात किबोर्डच ऐकू येतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात येते की खरी धून गिटारीत आहे आणि किबोर्ड फक्त तिच्या कडा उजळतो आहे. इथले धुके खरखरीचे नाही, थरांचे आहे.

या प्रकाराचा इतिहास नॉर्वेत सुरू होत नाही. नाव इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने १९८२ मध्ये आपल्या दुसऱ्या अल्बमला दिले, जरी त्यांचे संगीत आज ज्याला ब्लॅक मेटल म्हणतात त्याच्याशी फारसे जुळत नाही. स्वित्झर्लंडच्या हेलहॅमर आणि नंतर केल्टिक फ्रॉस्ट यांनी जड, रांगडी चाल दिली. ध्वनीचा खरा पाया मात्र, माझ्या मते, स्वीडनच्या बाथरी या बँडने घातला. १९८४ च्या पहिल्या अल्बमवर आणि विशेषतः १९८७ च्या ‘अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क’वर वेग, किंचाळी आणि गुहेतून आल्यासारखा घुमारा हे तिन्ही घटक प्रथमच एकत्र नांदताना दिसतात. त्याच वर्षी ब्राझीलच्या सार्कोफागोने ‘आय.एन.आर.आय.’ काढला, त्याच्या मुखपृष्ठावर रंगवलेले चेहरे, खिळ्यांचे पट्टे आणि दफनभूमी आहे, आणि नॉर्वेच्या मुलांनी पुढे जो वेष धारण केला त्याची पूर्वछाया तिथे स्पष्ट दिसते.

नॉर्वेविषयी बोलताना गुन्हे टाळून चालत नाही. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचे फॅन्टॉफ्ट येथील मध्ययुगात बांधलेले लाकडी चर्च जाळण्यात आले आणि त्यानंतर आणखी चर्चना आगी लावल्या गेल्या. ऑगस्ट १९९३ मध्ये बर्झम हा एकट्याचा बँड चालवणाऱ्या वार्ग विकेर्नेसने मेहेमचा गिटारवादक युरॉनिमस याचा खून केला आणि १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. ज्या मेहेम अल्बमचा उल्लेख वर आला आहे, त्यावर मारला गेलेला गिटारवर आणि मारणारा बेस गिटारवर, असे दोघेही वाजवत आहेत. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या काही गाण्यांचे शब्दही विकेर्नेसचे आहेत, आणि त्या अल्बमच्या पहिल्या आवृत्तीच्या मागच्या बाजूला वंशश्रेष्ठत्वाची भाषा करणारी एक ओळ छापलेली होती. या गोष्टी सनसनाटी किश्शांसारख्या चघळल्या जातात ते मला आवडत नाही. एक माणूस जिवानिशी गेला आणि शतकानुशतके टिकलेली वास्तू राख झाली. ती वास्तू पुढे पुन्हा उभारण्यात आली, पण मूळ लाकूड गेले ते गेलेच.

या संगीताच्या एका कोपऱ्यात वंशद्वेषाचा उघड प्रचार करणारे बँड आजही आहेत, आणि नवे अल्बम शोधणाऱ्याने ते माहीत ठेवणे आवश्यक आहे. एकदा मी केवळ मुखपृष्ठावरचे बर्फाच्छादित जंगल पाहून एका छोट्या बँडची कॅसेट घेतली होती. तिची दुसरी धून मला इतकी आवडली की ती मी आठवडाभर ऐकत होतो. नंतर गाण्यांचे शब्द शोधून वाचले आणि ते काय सांगत आहेत हे कळल्यावर कॅसेट बाजूला ठेवली, ती पुन्हा लावली नाही. धून चांगली होती हे मी नाकारत नाही. पण माझे पैसे आणि माझे कौतुक त्या शब्दांच्या पाठीशी जावे हे मला मान्य नव्हते. तेव्हापासून नवा बँड घेण्याआधी त्यामागची माणसे कोण आहेत आणि ती काय बोलली आहेत, हे मी आधी वाचतो. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

आता शोधण्याच्या आनंदाकडे. सर्वोत्कृष्ट अल्बमांच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण यादीत पहिल्या क्रमांकानंतर दुसरा का येतो हे कधी कळत नाही. त्यापेक्षा एका अल्बममधला एखादा धागा पकडून पुढच्या अल्बमकडे जावे. मग दोन्ही अल्बम एकमेकांवर प्रकाश टाकतात. मुखपृष्ठ हा असाच एक धागा आहे. ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’चे निळे, चांदण्यात न्हालेले चित्र नेक्रोलॉर्ड या नावाने काम करणाऱ्या स्वीडिश चित्रकाराचे आहे. त्याच चित्रकाराने १९९५ च्या ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’साठी बर्फातला घोडेस्वार रंगवला. तो अल्बम स्वीडनच्या डिसेक्शनचा आहे, आणि तो लावला की नॉर्वे आणि स्वीडन यांतला फरक कानांना लगेच जाणवतो : स्वीडिश गिटारी स्पष्ट आहेत, दोन धुनी एकमेकींना समांतर चालतात, आणि धुके जवळपास ओसरलेले आहे. चित्रांचा मागोवा आणखी मागेही नेता येतो. बाथरीच्या १९८८ च्या ‘ब्लड फायर डेथ’वर पीटर निकोलाय आर्बो या नॉर्वेजियन चित्रकाराचे १८७२ चे चित्र आहे, आणि १९९० च्या दशकातल्या अनेक नॉर्वेजियन तरुणांना प्रिय असलेल्या थिओडोर किटेलसेनने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रेखाटलेली ट्रोल (लोककथांतले राक्षस), जंगले आणि महामारीची म्हातारी पाहिली की या संगीतातला अंधार कुठून आला ते बरेचसे उमगते.

बँडची नावे ज्या काटेरी, मुळांसारख्या गुंतलेल्या अक्षरांत लिहिलेली असतात, ती वाचता येत नाहीत म्हणून वैतागू नये. एम्पररचे बोधचिन्ह बेल्जियमच्या क्रिस्तोफ श्पायडेल याने काढले आणि त्याने असंख्य बँडांसाठी असे काम केले आहे. त्यात डावी-उजवी बाजू बहुतेक सारखी असते. पहिले आणि शेवटचे अक्षर ओळखले की मधली सापडतात. हे लहानसे कोडे सोडवण्यातही मला दर वेळी समाधान मिळते.

लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, हा आणखी एक धागा. युरॉनिमसच्या छोट्या डेथलाइक सायलेन्स लेबलने १९९३ मध्ये जपानच्या साय या बँडचा ‘स्कॉर्न डिफीट’ काढला. म्हणजे नॉर्वेतला हा गट जेव्हा स्वतःत मिटलेला दिसत होता, तेव्हाच त्याची पत्रे आणि कॅसेटी टोकियोपर्यंत जात होत्या. कॅसेटींची अदलाबदल पोस्टाने चालत असे, आणि तिच्यामुळे एकाच सुमारास अनेक देशांत वेगवेगळी बोली असलेले ब्लॅक मेटल उगवले. ग्रीसचे रॉटिंग क्राइस्ट आणि व्हॅराथ्रॉन मध्यम लयीत, तुटक आणि उबदार गिटारीने वाजवतात. त्यांच्या अंधारात थंडी नाही, दगडी मंदिरातला गारवा आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या मास्टर्स हॅमरने १९९१ च्या ‘रिचुअल’वर चक्क वाद्यवृंदातली टिंपनी आणली. मला विचाराल तर नॉर्वेच्या चार-पाच अल्बमांनंतर लगेच ग्रीसकडे वळावे, कारण तिथे गेल्यावरच नॉर्वेचा आवाज हा एक पर्याय होता, नियम नव्हता, हे पक्के कळते.

एक सूचना आग्रहाने करतो. सुटी गाणी ऐकू नयेत. इथे रचनेचे एकक अल्बम आहे. उल्व्हरचा १९९५ चा ‘बर्गटाट’ जेमतेम ३५ मिनिटांचा आहे आणि त्यात पाच प्रकरणे आहेत. डोंगरातल्या अदृश्य शक्तींच्या मोहात पडून वाट चुकणाऱ्या मुलीची लोककथेच्या वळणाची गोष्ट त्यात सांगितली आहे. सुरुवातीला मंद, अनेक पदरी गायन ऐकू येते, मग बासरी येते, मग अचानक वादळ उठते. मध्ये एका ठिकाणी ते वादळ थांबते आणि जंगलात पाचोळा तुडवत कुणीतरी धावत असल्याचा आवाज येतो. त्याआधीचे सगळे ऐकलेले असेल तर तिथे अंगावर काटा येतो. तेवढाच तुकडा काढून ऐकला तर तो पावलांचा आवाज आहे, बाकी काही नाही.

पुढच्या पिढ्यांनी हे संगीत दूरवर नेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वीकलिंगने २००० मध्ये ‘डेड अ‍ॅज ड्रीम्स’ हा एकमेव अल्बम काढला. पाच गाणी आणि सव्वा तासाहून अधिक लांबी, आणि त्यातून अमेरिकेतल्या पुढच्या अनेक बँडांची दिशा ठरली. फ्रान्सच्या अल्सेस्टने २००७ मध्ये त्याच धुक्याला बालपणीच्या स्वप्नासारखा प्रकाश दिला. डेफहेवनच्या २०१३ च्या ‘सनबेदर’चे मुखपृष्ठ गुलाबी आहे म्हणून वाद झाला होता, आणि तो वाद मला कधीच महत्त्वाचा वाटला नाही. पॅनॉप्टिकॉनचा २०१२ चा ‘केंटकी’ मात्र प्रत्येकाने ऐकावा. त्यात बँजो आणि कोळसा खाणकामगारांची जुनी संपगीते आहेत, आणि त्यांच्या शेजारी ब्लास्ट बीट आहे. खाणकामगारांचा राग आणि गिटारीचा राग एकाच मातीतला वाटतो, इतके ते एकजीव झाले आहे.

सध्या मी पेझाज दिव्हेअर या स्वित्झर्लंडच्या एकट्या कलाकाराच्या प्रकल्पात बुडालो आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो कॅसेटी काढत आला आणि त्या सगळ्यांना डेमोच, म्हणजे कच्चे नमुनेच, म्हणत राहिला. पहिला पूर्ण अल्बम, ‘इम वाल्ड’, त्याने २०२० मध्ये काढला आणि तो सुमारे दोन तासांचा आहे. त्यात गाण्यांच्या मध्ये वारा वाहतो. मग गिटार सुरू होते, आणि वारा थांबला की गिटारीतच मिसळला, हे सांगता येत नाही. काल रात्री मी आवाज कमी करून ती जागा तीनदा पुन्हा लावली. कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून उठणारी खरखर आणि वाऱ्याचा आवाज इतके जवळचे आहेत की जोड सापडत नाही. हाच कलाकार डार्कस्पेस नावाच्या तिघांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. त्यांच्या अल्बमांना आणि गाण्यांना नावांऐवजी आकडे आहेत आणि विषय अंतराळाचा आहे. २००८ चा तिसरा अल्बम मी काढून ठेवला आहे, आज रात्री तो लावीन.